मामांचा पखवाज आणि चित्रातले व्हॉल्व्ह

सुचितानं अकरा वर्षं कारखान्यात सोल्डरिंग केलं. एक टाका चुकला की अख्खा बोर्ड परत यायचा. कारखाना बंद झाल्यावर ती आगरदांड्याजवळ गावी आली, भाताची खोली रिकामी केली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि भजनी मंडळांच्या रेकॉर्डिंगचं मिक्सिंग करू लागली. काम कमी घेते, पण परत येऊ देत नाही.

त्या दिवशी काम घरचंच होतं. तिचे बाळाराममामा पंचेचाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवतात. त्यांच्याच मंडळाचं रेकॉर्डिंग ऐकून मंडळाचा सेक्रेटरी निकेत म्हणाला, "ताई, पखवाज डब्यासारखा वाजतोय. दुपारपर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर कम्प्युटरातला तयार ठेका टाक."

मामा तिथंच बसले होते.

सुचितानं लॅपटॉपवर इक्वलायझर उघडला. आवाजातला खर्ज, धार कमीजास्त करणाऱ्या आणि काचेच्या तापणाऱ्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या यंत्राची ही नक्कल. पडद्यावर हुबेहूब बटणं, कोपऱ्यात लाल दिवा.

"दिवा खरा हाय?" मामांनी विचारलं.

"चित्र हाय, मामा."

"मंग तापतंय कोण?"

"लॅपटॉप."

निकेत हसला.

तिनं खर्ज वाढवला. पखवाज भरला, पण गाणाऱ्या बुवांचा आवाज दबला. कमी केला, तर पुन्हा डबा. तासभर हेच चाललं.

"कणीक जास्ती झाली की असंच बोलतंय," मामा म्हणाले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा तो घुमतो.

"मग तुम्ही काय करता?"

"मधली तशीच ठेवतो. कडेची चिमटीनं उचलतो."

सुचिताचा हात थांबला. या यंत्रात खर्ज वाढवायचं एक बटण, कमी करायचं दुसरं. दोन्ही एकदम फिरवणं म्हणजे एका हातानं हंडा भरायचा आणि दुसऱ्यानं ओतायचा, असं ती आजवर धरून चालली होती. आता तिनं दोन्ही फिरवली. कमी करणारं बटण जरा वरच्या सुरांवर चालत होतं; तळाचा घुमारा राहिला, त्याच्या वरचा चिखल गेला. बुवा मोकळे झाले.

तेवढ्यानं तिचं समाधान होईना. मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो. म्हणून तिनं आधीचा पखवाज, आत्ताचा आणि तयार ठेका मोजून एका पातळीवर आणले. निकेतला पडद्याकडे पाठ करून बसवलं.

निकेतनं दोनदा ऐकलं. "दुसरा."

"का?"

"पहिला डबा. तिसरा साफ हाय, पण बुवा सूर लांबवतात तेव्हा तो थांबत नाही. दुसरा थांबतो."

"दुसरा मामांचाच, आत्ता सुधारलेला."

निकेतनं मान खाजवली. "तयार ठेका पुसून टाक, ताई. मामा, राग मानू नका."

"त्याचा राग न्हाय. दुसऱ्या कडव्यात माझा हात मागं पडलाय, ते तुला कळलं न्हाय, ह्याचा राग हाय." मामांनी पखवाज मांडीवर ओढला. "सुचे, माइक लाव. तेवढं परत घे."

सुचितानं लगेच माइक लावला. ती चूक तिला सकाळीच ऐकू आली होती. मामांना सांगायचं कसं, एवढंच अडलं होतं.