भरून येणं

तंबाखूचा उग्र वास आला की बेळगावच्या डॉक्टरांची खोली आठवते. निपाणीच्या वखारीत जन्मभर तंबाखू निवडलेली माझी थोरली बहीण समोर धापा टाकत होती. डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसाच्या अस्तरातल्या पेशी धुळीने पुन्हापुन्हा दुखावतात, मग त्याच जखम भरायचे निरोप धाडत राहतात. भरणं थांबतच नाही." तिचा चेहरा खुलला. "भरतंय न्हवं? मग लई बरं झालं की गं!" मी तिचा हात धरला. "आक्का, आत नुसता टणक वण वाढतोय. श्वासाला जागा उरंना." ती म्हणाली, "म्हंजे बरं हुता हुताच मरायचं म्हन की." माझ्या नातवंडांनो, तुम्ही फोनवर गुडघ्याची जखम भरली म्हणता, तेव्हा म्हणूनच मी विचारते, तिथली कातडी मऊ आहे ना?