जरा पाठ फिरवा

"जरा पाठ फिरवा," असं म्हटल्याशिवाय त्यांनी कधी की-बोर्डला बोट लावलं नाही. नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवी डिजिटल यंत्रणा आली. तिच्यात कोणाला शिरू द्यायचं, कोणाला नाही, हे बघायचं काम या येवल्याच्या साहेबांकडे आलं. ते पासवर्ड टाकेपर्यंत आम्ही चार धडधाकट माणसं भिंतीकडे तोंड करून उभे. एकदा पाहणीला आलेल्या वरिष्ठांनाही त्यांनी फिरवलं. तेही निमूटपणे कॅलेंडर वाचत राहिले.

घराला कुलूप लावलं की नाही म्हणून अर्ध्या वाटेतून परतणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे बसस्टॉपवरून परतायचे, कोणी यंत्रणेचं टर्मिनल, म्हणजे तो पडदा आणि की-बोर्ड, उघडं सोडलं नाही ना ते बघायला. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. "सही देतोस का कोणाला उसनी?" असं विचारायचे. आम्ही हसायचो. मी तर माझा पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्या मित्राला सांगून ठेवला होता, रजेवर असलो तर काम अडायला नको म्हणून.

एका सकाळी चौकशीचा कागद आला. एका दुकानाच्या फोनला अर्जाशिवाय परदेशी कॉलची सोय चालू झाली होती आणि यंत्रणेच्या नोंदीत नाव माझं होतं. मुलगी तीन महिन्यांची, नोकरी अजून कायम व्हायची होती. शेजारी मित्र मान खाली घालून फाइल चाळत बसला होता.

साहेबांनी त्यांची वही काढली. टर्मिनलवर कोण कधी बसलं हे ते त्यात लिहायचे. आम्ही त्या वहीला पंचांग म्हणायचो. ती सोय चालू झाली त्या दुपारी मी पिंपळगावला दुरुस्तीला गेलो होतो आणि टर्मिनलवर मित्र बसला होता, दोन्ही त्यात होतं.

नंतर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "उसनी दिली होतीस ना?"

मी मान हलवली.

"ते लिहून दे." त्यांनी वही उघडून ती नोंद पुन्हा बघितली. "त्या दिवशी मी लिहायचं विसरलो असतो तर रे?"

मित्र निलंबित झाला, माझं ताकिदीवर भागलं. साहेब मात्र पुढे कितीतरी दिवस मध्येच थांबून तेच विचारायचे.

जाणाऱ्याचं नाव त्याच दिवशी यंत्रणेतून काढायचं, हा त्यांचाच नियम. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी बाहेर हार घेऊन सगळे खोळंबले होते. "हार नंतर," म्हणाले आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. आता मुख्य पासवर्ड माझा असणार होता. मी बोटं की-बोर्डवर ठेवली आणि थांबलो. यांना कसं सांगायचं?

मागे चपलांचा आवाज झाला. न सांगताच ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. मला रडू येत होतं. पासवर्ड दोनदा चुकला. मग त्यांचं नाव काढलं.

"झालं?"

"झालं, साहेब."

"परत एकदा बघ."

मी यादी पुन्हा काढली. त्यांचं नाव कुठंच नव्हतं.