पानगळीतलं पाणी

बायकोनं तुळजापूरहून ते झुडूप आणलं तेव्हा मी हसलो होतो. पानं वांग्यासारखी काळी-जांभळी. ना फळ, ना वास.

"दारात काळं झाड कशाला?"

"एक काळं बसतंयच की ओट्यावर पेपर घेऊन. त्याला जोड."

याला अकरा वर्षं झाली. गेल्या श्रावणात ती गेली. तिच्या आजारात माझ्या हातून काही झालं नाही. डॉक्टर सांगतील तिथं सही करायची, एवढंच. म्हणून ठरवलं, हे झुडूप तरी जगवायचं.

दिवाळी सरली आणि त्याची पानं गळायला लागली. महिन्याभरात नुसत्या काड्या उरल्या. माझा जीव खालीवर. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो. झाड वाळलं म्हणजे पाणी कमी पडलं, झाडांबद्दल आम्हाला एवढंच कळतं. मी माझी आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली. माझ्या आकाराच्या माणसाला अर्धी बादली म्हणजे फक्त पुढून ओलं होणं. उरलेली अर्धी झुडपाला. तरी पान फुटेना, म्हणून माठातलं पिण्याचं पाणीही घालू लागलो. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, लई जीव लावताव हो." मी फुगायचो.

गुढीपाडव्याला लेक आली. तिनं खोडाला नख लावलं. एरवी पांढरं दूध यायचं, आता आत नुसता भुसा. जरा ओढलं तर झुडूप मुळासकट हातात आलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झालेली.

"बाबा, पाणी किती घालत होता?"

"रोज अर्धी बादली," मी ऐटीत म्हणालो.

ती खाली बसली. "याची पानं दर थंडीत गळतात हो. आई दिवाळीनंतर पाणी तोडायची. फाल्गुनात आपोआप फुटायचं."

अकरा हिवाळे मी त्याच्या शेजारी बसून चहा प्यायलो होतो.

"तुमच्या कधी ध्यानातच आलं नाही?"

अशा वेळी मला काहीतरी विनोद सुचतो. घरात त्याबद्दल माझी ख्यातीच आहे. त्या दिवशी सुचला नाही.

"आई आणखी काय काय करायची गं?" मी विचारलं.

लेकीनं हाताची माती झटकली. "सकाळी उठल्यापासून सांगू?"

"सांग."