तिनं सोडलेला सूर

संगीत नाटकांच्या स्पर्धेला मी परीक्षक होतो. साठीतलं एक जोडपं नायक-नायिकेचं द्वंद्वगीत गात होतं. दुसऱ्या कडव्यात त्याचा सूर उतरला, तो परत चढलाच नाही. तिचा पक्का होता. मग एकाएकी तीही ऑर्गनचा सूर सोडून त्याच्याइतकी खाली आली. प्रेक्षकांत खसखस पिकली. मी दोघांचेही गुण कापले.

नंतर विंगेत तिला विचारलं, "बाई, तुम्ही कशा घसरलात?"

"घसरले नाही हो. यांचे कान जवळजवळ गेलेत. हे एकटेच बेसुरे पडले असते."

गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता. असता तरी मी काय लिहिलं असतं?

पलीकडे तो रंग पुसत होता. "कसं झालं गं?"

"छान झालं!" ती ओरडून म्हणाली.

तिच्या ओठांकडे बघत त्यानं पुन्हा तेच विचारलं.