सोडलेल्या दोन सऱ्या

सणसरच्या गेणबाने उसावर नवं औषध कधीच सगळीकडं मारलं नाही. दोन सऱ्या सोडायच्या म्हणजे सोडायच्या. विकायला आलेला म्हणायचा, "आबा, मारा की बिनधास्त." गेणबा म्हणायचा, "मारलेल्या उसाचं कौतुक तू करशील. न मारलेला किती वाढला ते कोण सांगंल?" बाप मेंढरं राखायचा तेव्हापासूनची ही सवय. औषध पाजलेल्या मेंढीला गेरूचा ठिपका, बाकीच्या कोऱ्या. मग बघायचं.

त्याची नात सृष्टी सहा वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलत नाही. ठिबकच्या नळीला कान लावून बसते आणि पाणी आलं की हसते. दर मंगळवारी तिची आई रेश्मा तिला एसटीने बारामतीला बोलण्याच्या वर्गाला घेऊन जाते. तिथं घाम गाळून एखादा आवाज पदरात पडतो.

पावडरी विकणारे अंथुर्ण्याचे मोहनराव एक दिवस, पोरगी बोलायला लागंल म्हणत, व्हिटॅमिनची पावडर घेऊन आले. "अर्धा चमचा. गुण आला की आमचा पूर्ण कोर्स घ्यायचा. पण मग वर्ग बंद. दोन्हीकडं पळवून पोरगी गोंधळती."

गेणबाचा मुलगा दिग्विजय लोणी देवकरच्या कंपनीत मशीनवर असतो. सुट्टीत बसून त्याने पावडरीचे सगळे व्हिडिओ बघून काढले होते. "पोरं बोलायला लागल्यात. आईबाप रडत्यात."

रेश्मा म्हणाली, "ज्यांना गुण आला न्हाय त्यांच्या आया कुठल्या व्हिडिओत हायत?"

"तुला पोरगी बोलायला नको का?"

"मला नको? मंगळवारी एसटीत उभी कोण ऱ्हातं?"

बारामतीच्या डॉक्टरांनी डबा वाचला. अर्ध्या चमच्याने अपाय नाही, म्हणाले, त्यापुढं जाऊ नका. पण गुण येतो असं अजून ठामपणे दिसलेलं नाही. दिग्विजयला त्यातला 'अजून' तेवढा ऐकू आला.

भांडण गेणबापुढं आलं. तो म्हणाला, "दोन सऱ्या सोडू."

"आबा, पोरगी हाय ती. ऊस न्हाय!"

"म्हणून तर आठवडं सोडायचं."

त्याने नाचणीच्या पिठाचे दोन डबे केले. एकात पावडर मिसळली आणि बुडाला गेरूचं बोट लावलं. दुसरा कोरा. आलटून-पालटून एकेक आठवडा. सकाळी दुधात कालवून द्यायचं काम त्याची बायको बनाबाई हिचं. कुठला आठवडा कुठला, ते गेणबाने लेकाला आणि सुनेला सांगायचं नाही. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांनी आपापलं मत द्यायचं. गुण दिसला तर कोर्स, नाहीतर वर्ग. ठरलं.

उन्हाळा लागेपर्यंत निकाल आला. गेरूच्या आठवड्यात पोरगी वेगळीच दिसायची. गेणबाच्या टोपीला हात लावायची, नजर द्यायची. एकदा तर "आ" म्हणाली. कोऱ्या आठवड्यात गप्प. दिग्विजयचं मत गेरूशी जुळलं. नाइलाजाने रेश्माचंही जुळलं.

"गेरू जिंकला," गेणबा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. कचरा गेल्यासारखे त्याने ते उपरण्याने पुसले.

दिग्विजयने मोहनरावांना फोन लावला. वर्ग बंद म्हणून सांगायला रेश्माने दुसरा फोन हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. बोट पुढं जाईना.

चुलीपाशी भाकरी थापणारी बनाबाई म्हणाली, "कसली पावडर? पोरीनं पहिल्याच दिशी वास घेऊन थुकली. तवापासनं दोन्ही डब्यात निसती नाचणी हाय. पावडर कालवडीला घातली."

दिग्विजयने फोन कापला.

"आगं, मग सांगायचं न्हाय व्हय?" गेणबा ओरडला.

"तुमी इचारलं? डबं दिलं, हुकूम दिला, निघाला. गेरू जपून ठेवलाय बघा, पुसला न्हाय."

रेश्मा आधी हसली. मग दिग्विजय. मग रेश्मा हसता हसता रडली आणि हातातला फोन दूर ठेवला.

गेणबा मात्र हसला नाही. "पण 'आ' म्हणाली. मी ऐकलं."

"म्हणालीच," बनाबाई म्हणाली. "गेरूच्या आठवड्यात तुमी दिवसभर तिच्यापशी नळीला कान लावून बसायचा. कोऱ्यात सरळ मळ्यात जायचा."

गेणबाने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "एकाच सरीला पाणी पाजलं की मी." जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला हे वाक्य जड गेलं. पण त्याने ते पुरं म्हटलं, लेकासमोर, सुनेसमोर.

मोहनराव दुसऱ्या दिवशी स्वतःच आले. "कसा काय गुण?"

बनाबाईने गोठ्याकडं हात केला. "अजून बोलली न्हाय. बघताय का?"

मंगळवारी एसटीत सृष्टीला खिडकी मिळाली, रेश्माला जागा मिळाली, आणि गेणबा उभा राहिला. वर्गातल्या बाईंना त्याने एवढंच विचारलं, की घरी काय करून घ्यायचं. परत आल्यावर तो नळीला कान लावून बसला. ठिबक बंद होतं. पाण्याची पाळी यायला अवकाश होता. सृष्टी येऊन शेजारी बसली.