रस्त्याकडेच्या झाडांचे घेर

माझी धाकटी बहीण पौषात गेली. दोन वर्षं तिचे उपचार लातूरला चालू होते आणि त्या दोन वर्षांत माझे सगळे शनिवार-रविवार उदगीर-लातूर बसमध्ये आणि दवाखान्यात गेले. ती गेल्यावर भाऊ नांदेडहून आला, अस्थी घेऊन गेला आणि गोदावरीत सोडून आल्याचा फोन केला. मी बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, सातवीला अपूर्णांक शिकवले.

मी रडले नाही. लोकांना वाटलं, मी धीराची आहे. मलाही काही दिवस तसंच वाटलं. मग लक्षात आलं की धीर वगैरे काही नाही, आत काही हलतच नाही. चहा कडू झाला तरी पिऊन व्हायचा. वर्गात मुलं हसली तर ती कशाला हसली ते घरी आल्यावर कळायचं.

एप्रिलमध्ये आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला त्यांच्या निसर्गमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. विचारलं नाही, टाकलं. हे उदगीरमधले दहा-बारा लोक. त्यात दोन निवृत्त प्राध्यापक होते, एक चष्म्याचे दुकानदार, एक विमा एजंट आणि त्यांची बायको. हिवाळ्यात ते तळ्यावर पक्षी बघायचे. त्या उन्हाळ्यात मात्र वेगळं काम काढलं होतं. उदगीर-देवणी रस्ता रुंद होणार अशी बातमी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी झाडं आहेत, चिंच, कडुनिंब, मधूनच वड. ती तोडण्याआधी प्रत्येक झाडाची नोंद करून बांधकाम खात्याच्या कार्यालयात द्यायची, म्हणजे निदान काही तरी वाचतील, असा बेत होता.

"तुम्ही नुसत्या या," बाई म्हणाल्या. "टेप धरायला माणूस लागतो."

म्हणून मी गेले. रविवारी पहाटे साडेपाचला जीपमध्ये बसायचं, नऊ-साडेनऊला ऊन चढलं की परतायचं. छातीच्या उंचीवर खोडाभोवती कापडी टेप फिरवायचा, आकडा सांगायचा, बाई वहीत लिहायच्या आणि चष्मेवाले चुन्याने खोडावर नंबर घालायचे. टेपाचं एक टोक माझ्याकडे असायचं आणि दुसरं अक्कांकडे.

अक्का देवणीच्या. साठीच्या पुढच्या, लिंगायत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. आता ते मुलाच्या हातात होतं आणि अक्कांना दुकानात बसून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्त्यावर हे लोक काय करतायत ते बघायला त्या एक दिवस थांबल्या होत्या आणि पुढच्या रविवारपासून येऊ लागल्या. आमच्याकडे कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची पद्धत आहे. सगळेच त्यांना अक्का म्हणत. मीही म्हणू लागले. त्या मला म्याडम म्हणायच्या.

जुन्या चिंचेचं खोड इतकं मोठं असतं की पलीकडचं माणूस दिसत नाही. मी या बाजूला गाल खोडाला टेकवून टेप पुढे सरकवायची, पलीकडून अक्कांचा हात यायचा, बांगड्यांचा हात, आणि टोक घेऊन जायचा. बोलणं खोडाभोवतूनच व्हायचं.

तिसऱ्या रविवारी पलीकडून आवाज आला, "म्याडम, घरी कोन कोन असतं?"

"मी एकटीच."

"आधीपासून?"

"बहीण होती. पौषात वारली."

मला वाटलं, आता त्या इकडे येणार, खांद्यावर हात ठेवणार आणि मला काहीतरी बोलावं लागणार.

"टेप ढिला पडलाय," अक्का म्हणाल्या. "जरा वढा."

मी ओढला. त्यांनी आकडा सांगितला, बाईंनी लिहिला. आम्ही पुढच्या झाडाकडे गेलो. त्या दिवशी मला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही, पण पुढच्या रविवारी जीपमध्ये मी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही देवणीच्या अलीकडे एका मोठ्या वडाखाली नाश्त्याला थांबलो. विमा एजंटच्या बायकोने सुशीला करून आणला होता. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात ना, तोच, वर भरपूर शेंगदाणे. सतरंजी पसरली. अक्का पूजा केल्याशिवाय खात नसत. एरवी त्या घरूनच आटोपून यायच्या, त्या दिवशी पाणी उशिरा आलं म्हणून राहिली होती. त्या सतरंजीच्या एका कोपऱ्यावर बसल्या, गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. बाकीच्यांनी द्रोण हातात घेतले होते, पण त्यांच्यासाठी थांबले होते.

वडावर वर आग्यामोहोळ होतं. आम्ही ते येताना पाहिलं होतं. प्राध्यापकांनी त्याचा फोटोही काढला होता. ते कशाने उठलं हे नंतर बरेच दिवस ग्रुपवर चाललं. कुणी म्हणे अत्तराचा वास, कुणी म्हणे वरून घार गेली. मला एवढंच आठवतं की आधी एक घुमणारा आवाज आला, मग विमा एजंट मान झटकत उठले आणि म्हणाले, "पळा."

सगळे पळाले. समोर नांगरून ठेवलेलं रान होतं, ढेकळांतून ठेचकाळत सगळे तिकडे धावले. मीही दहा-बारा पावलं पळाले. मग वळून बघितलं तर अक्का तिथेच बसलेल्या. डोळे उघडले होते, पण तळहातावर लिंग तसंच होतं आणि दुसरा हात त्यावर झाकण धरल्यासारखा. माशा त्यांच्या केसांत शिरत होत्या.

मी परत गेले. मी काही शूर नाही. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही, एवढंच. मी त्यांना सतरंजीच्या मधे सरकवलं, द्रोण, डबे, सुशीला, सगळं मातीत पडलं, आणि सतरंजीची चारही टोकं ओढून आमच्या दोघींवर घेतली, कडा खाली दाबून धरल्या.

आत अंधार, धूळ आणि तेलाचा वास. बाहेरून माशा सतरंजीवर आपटत होत्या, गारा पडाव्यात तशा. आत शिरलेल्या काही माशा मी चपलेने मारल्या. अक्कांचा श्वास जोरात चालला होता.

"अक्का, झोपू नका," मी म्हणाले. "बोलत राहा." दवाखान्यात मी हेच म्हणायची.

"शिव शिव," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ तेच. मग थांबल्या.

"अक्का?"

"हाय. हितंच हाय." त्यांनी दम घेतला. "म्याडम, तुमच्या भैनीचं नाव काय होतं?"

बहीण गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. ओळखीचे लोक तिचं नाव टाळायचे आणि अनोळखी लोकांना ते जाणून घ्यायचं कारण नव्हतं. मीही पौषापासून ते उच्चारलं नव्हतं, कागदपत्रांवर लिहिलं होतं फक्त. मी नाव सांगितलं. माझा आवाज मला मोठा वाटला.

अक्कांनी ते नाव दोनदा म्हटलं, लक्षात ठेवायला म्हणतात तसं.

"धाकली का थोरली?"

"धाकटी. सहा वर्षांनी."

"तुम्हीच सांभाळली असंल मग लहानपनी."

"हो."

"तरी म्हनलं," त्या म्हणाल्या. मला त्यांचा हात सापडला. मूठ घट्ट मिटलेली होती आणि आत लिंग होतं. मी मुठीवर हात ठेवून बसले. किती वेळ ते सांगता येत नाही. मला रडू आलं नाही.

शेवटी रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने ओला कडबा पेटवून धूर केला आणि आम्हाला बाहेर काढलं. अक्कांचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्यांना ट्रॉलीत घालून देवणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे माझे हातपाय आपोआप चालले. चिठ्ठी कुठे काढायची, सलाईन कुठल्या हाताला लावू द्यायचं, नखाने काटे कसे खरवडून काढायचे, चिमटीत धरायचे नाहीत. डॉक्टर बोलत होते तेव्हा मी औषधांची नावं तळहातावर लिहून घेत होते. अक्कांचा मुलगा धावत आला, बनियनवर शर्ट चढवत. त्याने मला विचारलं, "ताई, तुम्ही सिस्टर आहात का इथल्या?"

"नाही, शिक्षिका आहे."

"मग हे सगळं कसं येतं?"

"सवय आहे," मी म्हणाले.

संध्याकाळी विज्ञानाच्या बाई आल्या. त्यांचा एक डोळा सुजला होता. "काय शांत राहिलात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे पळालो." त्यांना लाज वाटत होती हे दिसत होतं. मला त्यांना सांगायचं होतं की ती शांतता नव्हती, तिच्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण ते समजावून सांगायला जी ताकद लागते ती नव्हती. मी म्हणाले, "असू द्या." तेव्हा त्यांनीच माझी मान बघितली आणि नर्सला बोलावलं. मानेवर पाच-सहा काटे होते. तोवर मला ते कळलेच नव्हते.

अक्का तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. त्यानंतर ग्रुपमधले निम्मे लोक यायचे बंद झाले. राहिलेली झाडं आम्ही पाच जणांनी मेअखेर संपवली. अक्का शेवटच्या दोन रविवारी आल्या, डोक्यावर मुलाची टोपी, तिच्यावर पदर. त्यांच्या सुनेला ते पसंत नव्हतं. वह्या टाईप करून कार्यालयात दिल्या. तिथल्या साहेबांनी नीट वागवलं, चहा दिला, प्रतीवर शिक्का मारून दिला.

शाळा सुरू झाली. दिवाळीनंतर एका शनिवारी दुपारी अक्कांचा फोन आला.

"तोडायला लागलेत, म्याडम. उद्या आपल्या बाजूला येनार."

"कुठली बाजू?"

"उगवतीची. मावळतीची ठेवनार म्हनं. मी चाललेय बघायला. येता का?"

"बघून काय करायचं, अक्का?"

"काही न्हाई. मी चाललेय."

मी सकाळच्या बसने गेले. आम्ही दोघी एका शेताच्या धुऱ्यावर बसलो. मशीनने फांद्या आधी उतरवल्या, मग खोड. फार वेळ लागत नाही. झाड पडलं की पलीकडचं रान एकदम दिसतं आणि डोळ्यांवर उजेड येतो. कामगार परप्रांतातले होते, एकमेकांना हाका मारत होते. अक्कांनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या. आम्ही शेंगा सोलून खात बघत राहिलो. मंडळातलं दुसरं कुणी आलं नव्हतं. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या ते पुसतही नव्हत्या आणि त्याबद्दल बोलतही नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला जरासा हेवा वाटला. बऱ्याच महिन्यांत मला वाटलेली ती पहिली गोष्ट असावी.

"मला येत नाही, अक्का," मी म्हणाले.

त्यांना कळलं. "न्हाई आलं तर न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याची कुनी हजेरी घेत न्हाई."

दुपारी त्यांच्या घरी गेलो. सुनेने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मला भूक होती. दोन भाकरी खाल्ल्या. जेवण झाल्यावर अक्का म्हणाल्या, जरा टेका, आणि मी दुकानामागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी चटईवर आडवी झाले. जाग आली तेव्हा दिवे लागले होते आणि उदगीरची शेवटची बस निघून गेली होती.

"ऱ्हावा," अक्का दारातून म्हणाल्या.

मी राहिले. सकाळी साडेसहाच्या बसने तिथूनच थेट शाळेत गेले.