हॉलमधली बंगईची जागा

आमच्या वाढवलेल्या हॉलचा स्लॅब टाकायचा होता त्या दिवशी मी शाळेतून रजा काढली आणि डोक्याला ओढणी बांधून भर उन्हात सळयांमध्ये उभी राहिले. बंगईचे हुक स्लॅबमध्येच टाकावे लागतात. मागाहून छताला भोकं पाडून लावलेल्या हुकाचा काही भरवसा नाही. पुण्याकडे ज्याला झोपाळा म्हणतात ती आमची वऱ्हाडातली बंगई. मिस्त्री म्हणाला, "म्याडम, तुमी घरात बसा ना, मी पाहून घेतो." मी म्हटलं, "माही माय बसणार हाये याच्यावर. माह्या डोयासमोर टाक." चारही हुक सळईला बांधून झाल्यावरच मी खाली उतरले.

आई म्हणजे अकोल्याची, भावाकडे राहणारी. वडील गेल्यापासून तिने अमरावतीला माझ्याकडे येऊन राहावं म्हणून मी तिच्या मागे लागले होते. त्यासाठीच तर हॉल वाढवला, त्याला लागून तिची खोली काढली. तिचं एकच म्हणणं, बंगईशिवाय जमणार नाही. वडिलांची बदली धारणीला होती तेव्हा तिथल्या सागाची फळी त्यांनी करवून आणली होती. पितळी कड्या, पाठीला टेकू नाही, काठ बसून बसून गुळगुळीत झालेले. आई त्यावर भाजी निवडायची, दुपारी लवंडायची, आमची वेणी घालायची. आमच्याकडच्या बायका स्वतःला येतो-जातोच म्हणतात. तशी ती म्हणाली, "बंगई लागली की येतो ना बाप्पा मी. काहून घाई करून राहिली वं?" मला तेवढं पुरे होतं.

मग मी जी कामाला लागले ती लागलेच. जुन्या-नव्याचा मेळ घातलेली घरं मी मोबाईलवर इतकी पाहिली की नवरा म्हणायचा, आता स्वयंपाकही मोबाईलवरच कर. इंटिरियर करणारी मुलगी हुशार होती. ती म्हणाली, "काकू, सगळं नवंकोरं केलं की घर दवाखान्यासारखं दिसतं. एक जुनी वस्तू मधोमध पाहिजे, बाकीच्यांनी तिच्यापुढे गप्प बसायचं." मला ते इतकं पटलं की पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, साधे पडदे, सगळं बंगईचा रंग डोक्यात ठेवून घेतलं. फॉल्स सीलिंगवाल्याने हुक झाकून टाकले होते. त्याच्याशी भांडून मी चार ठिकाणी ते पुन्हा उघडायला लावले. टीव्ही कोपऱ्यात ढकलला. खिडकीसमोर सात फूट जागा मोकळी सोडली.

त्या दीड वर्षात मी जवळजवळ प्रत्येक रविवारी अकोल्याला गेले. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. भावाने जुनं घर पाडून तिथेच नवं बांधायला काढलं होतं आणि तोवर ते सगळे भाड्याच्या घरात होते. मी आईच्या शेजारी पलंगावर बसायची आणि तिला चित्रं दाखवायची. ही उशी घेऊ का ती? हा दिवा वर लावू का बाजूला? आई चष्मा लावून निरखून पाहायची, "हे चांगलं दिसते," म्हणायची, मध्येच उठून चहा टाकायची. निघताना माझ्या पिशवीत काहीतरी कोंबायची, मुगाच्या वड्या नाहीतर लोणचं. आवडलेली चित्रं मी घरच्या ग्रुपवरही टाकायची. वहिनी अंगठा पाठवायची.

बंगई भावाच्या मित्राच्या गोडाऊनमध्ये होती. म्हणजे भाऊ तसं सांगत होता. मी दर वेळी विचारायची, "नीट आहे ना रे? वाळवी नाही ना लागली?" तो म्हणायचा, "हाव ना ताई, चादरीत गुंडाळून ठेवली." एकदा फोटोही पाठवला, जुन्या चादरीत बांधलेली लांबोडकी वस्तू. मी तो फोटो इंटिरियरवाल्या मुलीला पाठवून लांबी-रुंदीचा अंदाजही लावला. भावाचं नवं घर मात्र त्याने मला एकदाही दाखवलं नाही. "धूळ आहे, पसारा आहे, पूर्ण झालं की पाहून घे एकदमच." मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशी मी छोटा टेम्पोच ठरवून गेले. जेवणं झाली की फळी आणि कड्या चढवायच्या, आईचं सामानही त्यातच टाकायचं आणि तिला सोबत आणायचं, असं माझं ठरलेलं. दारातून आत शिरले, आईला वाकून नमस्कार केला आणि वर पाहिलं तर समोर डायनिंग टेबल. काळे लोखंडी पाय, वर काच, काचेखाली आमची फळी. दोन्ही टोकांनी कापलेली. कड्यांची भोकं होती ते भागच गेले होते. पितळी कड्या खिडकीत लटकल्या होत्या आणि त्यांत मनीप्लांटच्या कुंड्या होत्या. वहिनी कौतुकाने म्हणाली, "ताई, तुमीच पाठवलेल्या फोटोवरून केलं. जुनं-नवं मिक्स. लोकं विचारून राहिले कुठून आणला म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांसमोर तोंड उघडलं असतं तर वास्तू राहिली असती बाजूला. भाऊ आलू-वांग्याच्या भाजीची बादली घेऊन पंगतीत असा फिरत होता की मी त्याच्या ओळखीचीच नाही. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "दीड वर्ष केसाने गळा कापला तू माझा. चादरीत काय बांधलं होतं?" तो म्हणाला, "पडद्याचे पाइप." आणि मग खाली पाहून, "मी नाही कापली ताई. म्हणजे कापली मीच, पण आईनं सांगितलं तवाच."

मला वाटलं, आता आईवर ढकलतोय.

आई तिच्या नव्या खोलीत पलंगावर बसली होती. खोलीत तिचं देवघर मांडलेलं होतं. खुंटीवर तिची लुगडी होती. इतकं सगळं लावून झालेलं पाहूनही माझं डोकं चाललं नाही. मी दार लोटलं आणि विचारलं, "बंगई कापा म्हणून तू सांगितलंस?"

"हाव."

"का?"

"नाई तं तू नेली असती."

"मग! नेणारच होते. तू येतो म्हणाली होतीस माझ्याकडे."

"येतो तं मी भाजीवालीलेबी म्हणतो," आई म्हणाली. "आपल्यात कोणी जातो म्हणते काय?"

मी खुर्चीवर बसले. मला रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला. मी सगळं तिला ऐकवलं. स्लॅबवरचं ऊन, चार हुक, भिंतीचा रंग, काढलेली खोली. भावाचं मी समजू शकते, वहिनी परकी, पण तू? दीड वर्ष माझ्या शेजारी बसून उशा निवडल्यास. फळी कापलेली माहीत असताना दिवा कुठे लावायचा ते सांगितलंस. सरळ तोंडावर सांगायचं होतं, नाही यायचं म्हणून. मी काय तुला उचलून नेणार होते?

आईने ऐकून घेतलं. तिचे डोळे कोरडे होते. तिचं माहेर अकोला, सासर अकोला, तिच्या सगळ्या ओळखी इथल्या, हे मला काय माहीत नव्हतं? पण तिने त्यातलं काहीच पुढे केलं नाही. पदराने चष्मा पुसत म्हणाली, "पयलेच नाई म्हटलं असतं तं तू दर रविवारी आली असती काय वं?"

मी म्हटलं, "आले असते."

"लगन झाल्यापासून वर्षात दोनदा येत होती तू. दिवाळीले अन् उन्हायात."

बाहेरून वहिनीने हाक मारली की दुसरी पंगत बसतेय. आई उठली आणि गुडघ्याला हात लावून बाहेर गेली, काचेच्या टेबलाशी बसली. मी जेवले नाही. टेम्पो रिकामाच परत आला. गाडीवाल्याने मूर्तिजापूरपर्यंत दोनदा विचारलं, सामान नव्हतं काय म्हणून.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. माझा राग अजून गेलेला नव्हता आणि तो खोटा नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी शाळेचे पेपर तपासायचे होते. त्यानंतर पाहुणे होते. आता दिवाळी आली आहे, आईचा काल फोन होता, दिवाळीले तरी येशील ना म्हणून.